पाव कोणाच्या हातचा?



डोणगावच्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा पाच वर्षे पुण्यात एका फ्रेंच पद्धतीच्या बेकरीत कारागीर होता. आता गावात स्वतःची भट्टी टाकायची म्हणतो. पैशाची जुळवाजुळव होईल, पण ताईंचा जीव दुसरीकडेच अडकला आहे. गावातले गिऱ्हाईक आपल्या हातचा पाव घेईल का? बोर्डावर आडनाव लिहावे की नको?

बेकरीबद्दल गिऱ्हाइकाचे मत म्हणजे पाव ताजा की शिळा, मऊ की वातड, एवढेच असायला हवे. आपल्या देशात मात्र पावाबद्दलचे मत शतकभर पावावर नव्हतेच, ते हातावर होते. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जात मोडू इच्छिणाऱ्यांची ती गुप्त मंडळी. सभासद होताना ख्रिस्त्याच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, हीच परीक्षा! पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापली आणि केवढा गहजब झाला! शेवटी दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातचे कोण खाणार होते?

पण याच महाराष्ट्रात दुसरे उदाहरणही आहे. कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उघडले. टापटीप होती, चहा उत्तम होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांनी आपली गाडी हॉटेलासमोर उभी करून चहा मागवायला सुरुवात केली. स्वतः प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. राजाने घेतला म्हटल्यावर कोण नाही म्हणणार! मला या हकिकतीत महाराजांच्या दयेपेक्षा त्यांची व्यवहारबुद्धी मोठी वाटते. त्यांनी नुसती मदत दिली नाही, ते गिऱ्हाईक झाले.

आज महाराज नाहीत, संविधान आहे. कलम १५ प्रमाणे दुकानात, हॉटेलात कोणालाही जातीवरून अडवता येत नाही. पण ताई, नीट लक्षात घ्या. हे कलम आपण गिऱ्हाईक असतो तेव्हाचे आहे. आपण दुकानदार होतो तेव्हा समोरच्याने आपल्याकडून घेतलेच पाहिजे असा कायदा नाही आणि असूही शकत नाही. मात्र "त्याच्याकडून कोणी घेऊ नका" असे सांगत कोणी फिरू लागला, तर तो बहिष्कार होतो. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदाही २०१७ मध्ये लागू झाला. एकट्याने नाक मुरडले तर सोडून द्यावे, टोळक्याने अडवले तर पोलीस ठाणे गाठावे.

आता ज्या फ्रेंचांची कारागिरी मुलाने शिकली, त्यांच्या गिऱ्हाइकांचे पाहा. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पाव मिळेना म्हणून पॅरिसच्या बाजारातल्या बाया व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या राजालाच घेऊन परतल्या. जमावाने राजा, राणी आणि राजपुत्राला नाव ठेवले होते बेकरीवाला, बेकरीवाली आणि बेकरीवाल्याचा पोरगा! १७९३ मध्ये तिथे फर्मान निघाले की श्रीमंताला पांढरा नि गरिबाला काळा असे दोन पाव नकोत, सर्वांना एकच ‘समतेचा पाव’. (बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर भगवान बुद्धांच्या शिकवणीतून घेतली. पावाच्या नादात हे विसरू नये.) अलीकडे १९९३ च्या नियमाने तिथे परंपरागत पाव म्हणून विकायचा तर पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांवरच भागवावे लागते, वरून रसायने चालत नाहीत. १९९८ च्या कायद्याने तर कणीक मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळे जागेवरच करणाऱ्यालाच दुकानाला ‘बेकरी’ म्हणता येते. दुसरीकडचा गोठवलेला माल गरम करून विकणाऱ्याला ती पाटी नाही. तिथल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न ‘कोणी केला’ हा नसून ‘कशाचा केला, कुठे केला’ हा आहे.

मुलाला एक सांगा. क्रॉसाँ म्हणजे आपल्या खारीचा चुलतभाऊ. दोन्हीत पिठाच्या घडीत स्निग्ध पदार्थ घालून पदर काढतात, पण क्रॉसाँला लोणी लागते आणि पीठ खमिराने फुगवावे लागते. खारी डालड्यावर निघते. मुंबईत पूजा धिंग्रा यांनी पॅरिसला शिकून येऊन २०१० साली काढलेल्या दुकानात फ्रेंच मिठाईला गिऱ्हाईक मिळाले, पण ती मुंबई आहे. आपल्याकडे लोण्याचा भाव धरून हिशेब मांडला तर त्या किमतीत लोक किलोभर टोस्ट नेतील. तेव्हा लादी पाव, टोस्ट, खारी, नानकटाई यांवर दुकान उभे करावे. क्रॉसाँ बाजाराच्या दिवशी थोडे करून चव द्यावी. काही फ्रेंच केकांत रम घालतात. ते शिकला असला तरी पंचशील घेतलेल्या घरात आणि पोराबाळांच्या वाढदिवसाला ते नको.

बोर्डावर आडनाव लिहावेच. लपवलेले आडनाव गावात दोन दिवसांत कळते, आणि मग लपवले म्हणून लोक वेगळेच बोलतात. बोर्डाखाली अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लावावी, भट्टी गिऱ्हाइकाला दिसेल अशी ठेवावी. वस्तीतल्या मंडळींनाही सांगणे आहे. पहिले सहा महिने त्याच्याकडून पाव घ्या, पण उधारीवर नको आणि ‘आपलाच आहे’ म्हणून कच्चा भाजलेलाही गुपचूप नेऊ नका. तोंडावर सांगा. मुलाने परत आलेला पाव बदलून द्यावा आणि का परत आला ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.