केवायसीचा ओटीपी सांगायची सवय पडतेय महागात. सेतू केंद्र आणि फोनवरचा भामटा यातला फरक ओळखा

पीएम-किसानचे वर्षाचे ६ हजार असोत की लाडकी बहीणचे महिन्याचे १५००, ई-केवायसी झाल्याशिवाय हप्त्याची खात्री नाही. गावात हे काम बहुतेक जण सेतू केंद्रावर करतात. ऑपरेटर म्हणतो, "मावशी, मेसेज आला का? नंबर सांगा." मावशी मोबाइलच त्याच्या हातात देतात. काम होते, मावशी घरी जातात.

खरी गोम इथेच आहे. बँक म्हणते, ओटीपी कुणालाच सांगू नका. इकडे सेतूवर ओटीपी सांगितल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मग 'मागितला की सांगायचा' ही सवय लागते. भामटे याच सवयीवर जगतात. "केवायसी राहिलीय, हप्ता बंद होईल," एवढे ऐकले की माणूस घाबरून नंबर सांगून मोकळा होतो.

कोणता नंबर कशासाठी?

मोबाइलचा लॉक फोन उघडतो. यूपीआय पिन ४ किंवा ६ अंकी असतो. तो पैसे पाठवताना आणि शिल्लक बघताना लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील," असे कुणी म्हणाले की समजावे, पैसे जाणार आहेत. ओटीपी म्हणजे एका कामापुरती केलेली सही. सही करण्याआधी कागद वाचतात, तसा ओटीपीचा मेसेजही आधी वाचायला हवा. तो बऱ्याचदा इंग्रजीत येतो, म्हणून घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावा. त्यात रुपयांची रक्कम दिसली तर ती केवायसी नव्हे.

नुकसान कुणाच्या माथी?

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार येत नाही. म्हणजे "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प बसले, तर तोटा वाढतच जातो.

एवढे कराच

- सेतूवर स्वतः समोर उभे राहून, कोणते काम चालले आहे ते विचारूनच ओटीपी द्या. फोनवर कुणालाही नाही, अगदी बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही.
- पासबुकाच्या कव्हरवर किंवा एटीएम कार्डाच्या पाकिटावर पिन लिहू नका. १२३४ किंवा जन्मसाल हा पिन नको.
- पैसे गेले की लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडकवण्याची शक्यता जास्त.

दुधाचे बिल, पीकविमा, अनुदान, सगळे आता खात्यातच येते. घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांना 'फोनवर नंबर सांगायचा नाही' एवढे एक वाक्य आज संध्याकाळी सांगितले तरी पुष्कळ झाले.