हिरवी तार

“मशीनला जरा करंट येतो, चपला घालून हात लाव.” हें वाक्य आम्हीं ज्या ज्या घरांत ऐकलें, तेथें त्याचें कोणासच भय वाटत नव्हतें. कपडे धुण्याच्या यंत्राची ती जणूं एक खोड आहे, असें समजून घरची माउली चपला चढविते व मुलांसही तोच धडा देते.

वास्तविक यंत्राच्या पत्र्यांत उतरलेली वीज जमिनींत वाहून नेण्यासाठींच प्लगची वरची जाड पिन व तिला जोडलेली हिरवी तार असते. ती पिन मुद्दाम लांब केलेली असते, ती अशाकरितां कीं, वीज येण्यापूर्वींच अर्थिंग जुळावें. परंतु कित्येक घरांत बोर्डाचें वरचें भोंक केवळ शोभेचें असतें. त्यामागें तारच नसते. दहावीचा विद्यार्थी भूसंपर्क तारेची आकृति काढून गुण मिळवितो, आणि संध्याकाळीं तिसरी पिन मोडलेला प्लग भिंतींत खुपसतो!

पुष्कळ सद्गृहस्थ म्हणतात, “आमच्याकडे एम्. सी. बी. आहे, मग भय कसलें?” त्यांस आम्ही नम्रपणें सांगूं इच्छितों कीं, तो पहारेकरी तारेचा आहे, माणसाचा नव्हे. ६ किंवा १६ अँपियर ही आपली मर्यादा ओलांडली गेली, तरच तो खटका पाडतो. मनुष्याचें हृदय बंद पडावयास मात्र ०.१ अँपियरही पुरतो. ६० वॅटचा साधा दिवा याच्या दुपटीहून अधिक घेतो. तेव्हां घरधन्याच्या अंगांतून वीज वाहत असतांही, एखादा दिवाच लागला असेल अशा समजुतीनें एम्. सी. बी. स्वस्थ बसतो.

माणसाचा पहारेकरी म्हणजे आर्. सी. सी. बी. गेलेली वीज व परतलेली वीज यांचा तो सतत ताळा पाहतो, आणि ३० मिलिअँपियरांची तफावत पडली कीं सेकंदाच्या तृतीयांशाच्या आंत प्रवाह तोडतो. (दोन हातांनीं दोन तारा धरणाऱ्यास मात्र तोही वाचवील असें नाहीं, कारण त्या हिशेबांत तूटच येत नाहीं.)

झुंबरासाठीं पैसा निघतो, संगमरवरासाठीं निघतो. हिरव्या तारेची गोष्ट निघाली कीं “पुढें पाहूं”! पावसाळ्यांत भिंती ओल धरतात, तेव्हां हें पुढें पाहणें कितपत शहाणपणाचें? आमची पालकांस विनंती आहे कीं, झिणझिण्या जाणवतांच यंत्राची वीज बंद करावी व परवाना असलेला वायरमन बोलवावा. आर्. सी. सी. बी. असल्यास त्यावरील चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबावें; खटका पडला नाहीं, तर तो नुसता डबा समजावा. हिरव्या तारेविषयीं मात्र तें बटण कांहींच सांगत नाहीं. ती वायरमनकडून मोजूनच घ्यावी लागते.