‘बाय आउट’ म्हणजे कोणास विकत घेणें?

गेल्या महिन्यांत येथें देवळाली कॅम्पांत एका परिचित घरीं वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीचा इंग्रजी मसुदा वाचला जात होता. थोरल्या बंधूंनीं धाकट्यांस ‘बाय आउट’ करावें, असें त्यांत कलम होतें. चिरंजीवांनीं त्याचें तत्काळ मराठी केलें, “बाबांनीं काकांस विकत घ्यावें.” काका ताडकन् उठून गेले!

इंग्रजीची घडणच अशी फसवी आहे. संस्कृतांत ‘क्री’ म्हणजे विकत घेणें. ‘वि’ उपसर्ग लागतांच तें विकणें होतें, ‘परि’ लागला कीं ठराविक काळ वेतनावर चाकरीस ठेवणें होतें. (पाणिनीनें ह्या दोहोंस आत्मनेपदी ठरविलें आहे, पण तो विषय निराळा.) ‘निस्’ लागला म्हणजे मोल देऊन सोडविणें, त्यावरूनच ‘निष्क्रय’. हें जें काम आपला उपसर्ग धातूच्या आधीं उभा राहून करितो, तेंच इंग्रजींत धातूमागून येणारा चिमुकला शब्द करितो.

‘बाय अप’ म्हणजे मिळेल तेवढा सारा माल उचलणें. लासलगावचा कांदा व्यापाऱ्यांनीं असा उचलला म्हणजे तें आपल्या चुलीपर्यंत कळतें. ‘बाय ऑफ’ म्हणजे पैसे चारून तोंड बंद करणें. काकांना झोंबला तो हा अर्थ. ‘बाय आउट’मध्यें विकत घेतला जातो तो हिस्सा, माणूस त्याचें मोल घेऊन मोकळा होतो. मायदेशीं नेणाऱ्या बोटीची वाट पाहतां पाहतां ह्याच देवळालींत भ्रमिष्ट होणाऱ्या गोऱ्या सोल्जरांमुळें ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजींत रूढ झाला. त्यांच्या फौजेंतील नव्या रंगरुटास १८८१ च्या आर्मी ॲक्टाप्रमाणें पहिल्या तीन महिन्यांत दहा पौंडांपर्यंत रक्कम भरून नांव काढून घेतां येत असे. तेंही ‘बाय आउट’च, पण स्वतःचें. येथें ‘निष्क्रय’ शब्द अगदीं चपखल बसतो.

वाटणीच्या कागदांत मात्र ‘हिस्सा विकत घेऊन मोकळें करणें’ असें सरळ लिहावें. इंग्रजी अमदानींतला १८९३ चा वाटणीचा कायदा मला ह्याच कारणानें आवडतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा परक्यानें घेतला व त्यानें वाटणीचा दावा लाविला, तर न्यायालयानें ठरविलेल्या किंमतीस तो हिस्सा घेण्याचा हक्क त्याच्या चौथ्या कलमानें घरच्या हिस्सेदारास दिला आहे. म्हणजे ‘बाय आउट’ व्हावें लागतें तें परक्यास!

‘बाय इन’ आणि ‘बाय बॅक’ ह्यांचा विचार पुढील अंकीं करूं.