टेकडीवर शिका, मग धायरी फाट्यावर या



गेल्या दिवाळीनंतर मी सायकल घेतली. तेव्हापासून स्थानकात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे जाईन तिथे एकच प्रश्न येतो: "भीती नाही वाटत?" वाटते ना. धायरी फाट्यावर उजवीकडून पाण्याचा टँकर आणि डावीकडून रिक्षा आली की भल्याभल्यांना वाटते. पण त्याच्या मागोमाग जो दुसरा प्रश्न येतो, "घरी दोन गाड्या असताना कशाला ग?", त्याच्याबद्दल मला आज जरा सविस्तर बोलायचं आहे. आणि ज्या तिघी-चौघींनी खरंच "मला शिकव" म्हटलं आहे, त्यांना माझं मत सांगायचं आहे की सुरुवात रस्त्यावर करू नका. आधी टेकडीवर जा.

पहिल्यांदा त्या "कशाला"चं. आपल्या व्यापारी घरांमध्ये सायकल म्हणजे गरिबीचे दिवस, अशी एक गाठ मनात बसली आहे. माझे सासरे भवानी पेठेतल्या भुसार दुकानातून उधारी वसुलीला सायकलवर जायचे. पुढे स्कूटर आली, मग मोटार आली आणि सायकल माळ्यावर गेली. ज्या वस्तूतून आपण वर आलो, तिच्यावर सुनेने पुन्हा बसावं हे सासूबाईंना पहिल्या महिन्यात रुचलं नाही. त्यांचं मी समजू शकते. पण पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणूनच ओळखलं जायचं, हे त्याच मला सांगतात. रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलीस शिट्टी मारायचा, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असायचा. कर्वेनगरला जुन्या सायकलींचं एक संग्रहालय आहे, विक्रम पेंडसे सायकल्सचं. सासूबाईंना एकदा तिथे घेऊन जा म्हणते मी सगळ्यांना. आडवी दांडी नसलेली लेडीज सायकल नऊवारी-पाचवारीतल्या बायकांसाठीच सोयीची होती. म्हणजे बाई आणि सायकल हे काही आजचं खूळ नाही.

गंमत बघा, सायकलवर मोठा पराक्रम करणाऱ्या बाईचं आपण कौतुकच करतो. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विशीत, १५९ दिवसांत सायकलवरून जग पालथं घातलं. पुण्याच्याच प्रीती मस्के, दोन मुलांची आई, चाळिशीला आल्यावर सायकलकडे वळल्या आणि २०२२ मध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर त्यांनी ५५ तास १३ मिनिटांत कापलं. त्यांचे फोटो आपण ग्रुपवर फिरवतो, खाली हात जोडलेली चित्रं टाकतो. पण शेजारची बाई सायकलला पिशवी अडकवून दुधी आणि तोंडली घेऊन आली की "हिला काय झालं?" असं म्हणतो. मला विक्रम करायचा नाही. मला ऑफिसला जायचं आहे आणि येताना भाजी आणायची आहे. तेवढ्यासाठी कुणाची परवानगी लागावी असं मला वाटत नाही.

आता टेकडीचं. डीएसके विश्वच्या मागे डोंगर आहे, तोच पुढे कात्रज ते सिंहगड या रांगेला मिळतो. तिथे पायवाटा आहेत, मुरूम आहे, मधे मधे घसारा आहे. रविवारी पहाटे तिथे जायला मी सुरुवात केली तेव्हा माझ्यासोबत कॉलेजातली मुलं होती आणि एक निवृत्त काका. पहिल्या दिवशी चढ सायकलवर बसून कमी आणि ढकत ढकलत जास्त चढले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळेच ढकलतात.

टेकडी शिकवते ते कुठल्याही मैदानावर शिकता येत नाही. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करायचा, चढात अडकल्यावर नाही, कारण तेव्हा चेनवर जोर असतो आणि ती करकरते किंवा उतरते. उतारावर सीट थोडी खाली घ्यायची, वजन मागे न्यायचं, दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवायचे म्हणजे खालचा पाय दगडाला आपटत नाही. वळणावर मोकळ्या मुरमात पुढचा ब्रेक जोरात दाबला की पुढचं चाक निसटतं. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना, दोन्ही हातांनी हळूहळू. आणि नजर चाकाकडे नाही, दहा-पंधरा हात पुढे. जिथे बघाल तिथेच सायकल जाते. खड्ड्याकडे टक लावून बघितलं की खड्ड्यातच जाते, हे मी इतक्या वेळा अनुभवलं आहे की आता पोळ्या लाटतानासुद्धा आठवतं.

तिथे पडलं तर गुडघा खरचटतो, कोपराला हळद लावावी लागते. धायरी फाट्यावर पडलं तर मागून काय येत असेल सांगता येत नाही. माझ्या आग्रहाचं कारण इतकंच आहे. पडायचं तर अशा ठिकाणी पडा जिथे मागे चाक नाही. आपल्याकडे उलटं होतं. नवी सायकल आणली की नवरा म्हणतो, आधी सोसायटीत चार फेऱ्या मार, मग रस्त्यावर जा. सोसायटीच्या गुळगुळीत फरशीवर ब्रेकही लागत नाही आणि तोलही कळत नाही. चार फेऱ्यांनी हुरूप येतो, हात तयार होत नाहीत.

हात तयार झाले की रस्त्यावर त्याचा उपयोग लगेच दिसतो. आमच्या भागात रस्ता कायम कुठे तरी खणलेला असतो, बुजवलेल्या चरावर खडी पसरलेली असते. टँकरमधून सांडलेल्या पाण्याने झाकणं ओली झालेली असतात. (धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, टँकर मात्र अजून येतातच.) त्या खडीवर मी आता घाबरून हँडल वळवत नाही, ते सरळ धरते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सायकल न हलू देता मान वळवून मागे बघणं. हे जमेपर्यंत मोठ्या रस्त्यावर येऊच नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन. आरसा लावा, पण आरशावर विसंबू नका.

माझं ऑफिस आनंदनगरच्या पुढे आहे, घरापासून साधारण सहा किलोमीटर. फाट्यावरून सिंहगड रस्ता, वडगाव, हायवेच्या खालून पलीकडे, माणिकबाग. मी कडेला अगदी चिकटून चालवत नाही. गटाराची झाकणं, वाळू आणि अचानक उघडणारी मोटारींची दारं, सगळं कडेलाच असतं. कडेपासून दोन-अडीच हात सोडून सरळ रेषेत चालवलं की मागच्याला आपण दिसतो. थांब्यावर उभ्या बसच्या डावीकडून कधीच पुढे जायचं नाही. सिंहगड रस्त्यावर २०२४ आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने उड्डाणपूल सुरू झाले, त्यांच्यावर मी जात नाही, खालूनच जाते. आणि नवले पुलाकडचा हायवे? कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा तो उतार अपघातांसाठीच ओळखला जातो. तिथे सायकल नेण्यात शौर्य नाही. नऱ्ह्याला मावशीकडे जायचं असलं तर मी स्कूटर काढते.

आता आपल्या रोजच्या नियमांशी हे कसं जमवायचं. हा प्रश्न मला बाहेरच्या सायकलवाल्या बायका विचारत नाहीत, तुम्ही विचारता, म्हणून लिहिते.

नवकारसी असते तेव्हा सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाणीही नाही. म्हणून रविवारची टेकडी मी उजाडताना सुरू करते आणि नवकारसीच्या वेळेला घरी असते. थंडीत हे सोपं जातं. एप्रिल-मेमध्ये टेकडीवर घाम फार जातो, तेव्हा मी टेकडी टाळते आणि सपाटीवर खडकवासल्याच्या बाजूला थोडंच जाऊन येते. उपवासाच्या किंवा आयंबिलच्या दिवशी सायकल नाही. शरीराला दोन्हीकडून ताणायचं कारण नाही आणि चक्कर येऊन रस्त्यात पडलं तर तपही गेलं आणि हाडही.

चौविहार करणाऱ्या बायकांना तर मी सायकल आवर्जून सुचवेन. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. मी सव्वापाचला निघते. स्कूटरवर हेच अंतर कधी वीस मिनिटांत होतं, तर कधी वडगावला कोंडी असली की पन्नास. निघताना काही सांगता येत नाही. सायकलवर अठ्ठावीस ते बत्तीस मिनिटं, रोज. कोंडी असली तर उतरून फूटपाथवरून हातात धरून पुढे जाता येतं. पूर्वी गाडीत बसून मी सूर्याकडे आणि सिग्नलकडे आळीपाळीने बघायचे, जीव वरखाली व्हायचा. आता पावणेसहाला ताटावर बसते. सासूबाईंचा विरोध मावळला तो यामुळे. माझं वजन किंवा पुण्याची हवा याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांना त्यांच्याबरोबर वेळेवर जेवायला बसणारी सून दिसली.

खाण्याचं म्हणाल तर दुकानात मिळणाऱ्या एनर्जी बारमध्ये बऱ्याचदा मध असतो, आणि त्या मऊ गोळ्यांमध्ये जिलेटिन असू शकतं. वेष्टन वाचल्याशिवाय घेऊ नका. मला तरी खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की पुरते. स्टीलच्या बाटलीत घरचं उकळलेलं पाणी, त्यात थोडं मीठ-साखर. कपड्यांचंही असंच. घट्ट चड्डी घातलीच पाहिजे असं काही नाही. मी सलवार-कुर्त्यावरच जाते, फक्त सलवारीच्या उजव्या पायाला रबर लावते म्हणजे ती चेनमध्ये जात नाही, आणि ओढणी घरी ठेवते. ओढणी चाकात जाणं हा विनोदाचा विषय नाही. हेल्मेट मात्र टेकडीवरही आणि भाजीला जातानाही.

चातुर्मासाबद्दल माझं मत काही जणींना पटणार नाही. आषाढ चौमासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत मी टेकडीवर जात नाही. पावसाळ्यात त्या वाटांवर गोगलगायी, वाणी, मृगाचे लाल मखमली किडे, गवताच्या मुळाशी काय काय असतं. आपली महासतीजी त्यांच्यासाठी चार महिने विहार थांबवतात. चालणाऱ्याला चार हात जमीन बघून पाऊल टाकता येतं. उतारावरच्या चाकाला ती सवड नसते, दिसलं तरी थांबता येत नाही. काकांचं म्हणणं, पावसातली टेकडीच खरी टेकडी. असेल. पण माझ्या मौजेसाठी मी तिथे चाक फिरवणार नाही. डांबरी रस्त्यावरून ऑफिसला जाणं चालू ठेवते, जपून, सावकाश. कुणी म्हणेल, मोटारीने काय कमी जीव जातात? बरोबर आहे. पण तो हिशेब मांडून टेकडीची सूट मिळवणं मला नको वाटतं. शिवाय पावसात त्या वाटा सायकलींनी फाटतात, चर पडतात, माती वाहून जाते. चार महिने त्यांनाही विसावा मिळतो.

महापालिकेकडून काही मागायचं की नाही? मागायलाच हवं. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या सुमारास पुण्यात सायकल मार्गांचा मोठा गाजावाजा झाला, २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. जिथे मार्ग झाले तिथे त्यांच्यावर गाड्या उभ्या, पथाऱ्या मांडलेल्या. मी स्वतः रंगवलेल्या पट्ट्याची वाट बघत बसायला तयार नाही. पण फाट्यापासून आत येणारा रस्ता एकदा खणून झाला की महिन्याच्या आत पुन्हा नीट डांबरी व्हावा आणि शाळा सुटायच्या वेळी टँकरना बंदी असावी, एवढं मागण्यात कसली लाज? त्याचा फायदा सायकल न चालवणाऱ्या, मुलाचं बोट धरून चालणाऱ्या बाईलाही आहे. आपल्यातल्या कितीजणी नगरसेवकांच्या घरी हळदीकुंकवाला जातात. तिथे वाण घेताना हे बोलता येतं.

खर्चाचं विचारणाऱ्यांना: टेकडी आणि ऑफिस दोन्ही करायचं तर जाड टायरची, डिस्क ब्रेकची साधी गिअरची सायकल घ्या. फार महागडी नको. बाभळीच्या काट्याने पंक्चर होणारच, एक जादा ट्यूब, छोटा पंप आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या जवळ ठेवा. ट्यूब बदलणं घरी दोनदा करून बघा, कुकरची रिंग बदलण्याहून थोडंसंच अवघड आहे. मागे कॅरिअर लावून घ्या. दुकानदार म्हणेल, मॅडम, या सायकलला शोभत नाही. दुधीभोपळा कुठे ठेवायचा ते त्याला विचारा.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची बैठक आहे. तळमजल्यावर दोन मोटारींच्या मधे जी निमुळती जागा वाया जाते, तिथे सहा सायकलींचा स्टँड मावतो, मी टेपने मोजून ठेवलं आहे. सध्या सहापैकी चार सायकली मुलांच्या आहेत, एक माझी. सहावी बी विंगमधल्या वहिनींची, अजून दुकानातच आहे.