नाव नीट घ्या

दिवाळीच्या तोरणात आंब्याच्या पानांबरोबर अशोकाची लांब, नागमोडी कडांची पानं ओवलीत, तर ती ज्या झाडाची आहेत ते अशोक नव्हे. कुंपणालगत सरळसोट वाढणारं ते झाड सीताफळाच्या कुळातलं आहे. खरा सीता-अशोक चिंचेच्या गोतातला, पसरट आणि गर्द. त्याची कोवळी तांबूस पालवी मलूल झाल्यासारखी लोंबते. वसंतात जून फांद्यांनाही नारिंगी गुच्छ फुटतात आणि पुढे लाल होतात. त्या फुलाला पाकळी नसतेच. रंग असतो तो निदलांचा.

यंदाच्या अंकात या झाडाशेजारी आम्ही करवत मासा ठेवला आहे, कारण ओळखीची गफलत त्याच्याही वाट्याला आली. लिनियसनं १७५८ साली त्याला मुशींच्या प्रजातीत घातलं होतं. अंगलट मुशीचीच, पण उलटा केला की कल्ल्यांच्या फटी पोटाकडे दिसतात. म्हणजे हा पाकटांचा भाऊबंद. करवतीचे दात तोंडातले नव्हेत, ते कातडीवरच्या खवल्यांचं रूप. गढूळ पाण्यात भक्ष्याची चाहूल याच करवतीला लागते, आणि जाळ्यात अडकते तीही हीच.

सीता-अशोक जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' आहे, कारण औषधासाठी त्याची साल सोलली जाते. ती पुरत नाही म्हणून कुंपणालगतच्या त्या सरळसोट झाडाची सालही अशोक म्हणून खपते, म्हणजे रोग्याचीही फसवणूकच. करवत मासा 'अतिसंकटग्रस्त' आहे. २००१ पासून त्याला आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण जाळ्याला कायदा वाचता येत नाही. शिवाय सीता-अशोकाचं बी रुजवता येतं, रोप वाढवता येतं. हा मासा कुणाला रोपवाटिकेत वाढवता येणार नाही. तो फक्त सोडता येतो. म्हणून आम्हांला महाराष्ट्राची २०१८ ची योजना मोलाची वाटते: संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फाटलेल्या जाळ्याचा भार त्याच्या एकट्याच्या घरावर पडू नये, एवढी साधी जाण त्यात आहे.

किनाऱ्यावरच्या वाचकांनो, ही योजना आपल्या बंदरावर प्रत्येक नाखव्याला सांगा. आणि ज्यांच्या दारात हातभर माती आहे, त्यांनी रोपवाटिकेत नुसता 'अशोक' मागू नये, 'सीता-अशोक' मागावा.