चार दिवसांत विष उतरत नाही


फवारणीचे पाणी तळ्यात उतरले तरी मासे चार दिवस स्वच्छ पाण्यात ठेवले की विष निघून जाते, हे गेल्या अंकातील वाचकपत्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मॅलॅथिऑनसारखे औषध माशाच्या शरीरात लवकर मोडते आणि काही दिवसांत बाहेर पडते. डीडीटीचे तसे नाही. कल्ल्यांतून आणि खाद्यातून आत आलेले डीडीटी चरबीत मुरते. ते निघायला महिनोन्‌महिने लागतात. कटला साफ करताना आतड्यांभोवतीची जी पिवळसर चरबी बोटांना चिकटते, तेच त्याचे कोठार. मासा उपाशी राहिला की ही चरबी झिजते आणि साठलेले विष पुन्हा रक्तात उतरते.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकमध्ये चिलटांवर १९४९, १९५४ आणि १९५७ साली डीडीटीच्याच जातीचे डीडीडी हे कीटकनाशक टाकले. पाण्यात ते दहा लाख भागांत जेमतेम ०.०२ भाग होते. प्लवक, लहान मासे, मोठे मासे असे चढत ते मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत सुमारे १,६०० भागांवर पोहोचले. पक्षी मेले.

म्हणून कळकळीने सांगतो, मासे धुण्यापेक्षा फवारणीचा पंप तळ्याकाठी धुणे आधी थांबवा.

— एक मत्स्यशेतकरी