घसा खाकरण्यावर सरसकट गोळी नको

शिक्षक, कीर्तनकार, दिवसभर फोनवर बोलणारे कर्मचारी यांच्यात सतत घसा खाकरण्याची सवय हमखास आढळते. खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात, त्यांना सूज येते. सुजेमुळे घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस पुन्हा खाकरतो.

मुळाशी नाकामागून घशात उतरणारा कफ, ॲलर्जी, पोटातलं आम्ल वर येणं, अगदी रक्तदाबाची रॅमिप्रिलसारखी गोळीही असू शकते. तरी आपल्याकडे कारण न शोधताच ॲसिडिटीची गोळी सुरू होते. हे थांबायला हवं. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत घशाच्या चिवट तक्रारींच्या ३४६ रुग्णांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी, उरलेल्यांना औषध नसलेली तशीच गोळी १६ आठवडे दिली. गुण दोन्हीकडे जवळपास सारखाच!

खाकरावंसं वाटताच पाण्याचा घोट घ्यावा, नाहीतर नुसता आवंढा गिळावा. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकावं. रक्तदाबाची गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर अजिबात चालढकल करू नये.